चालता न येणारे बँड

आमच्या गल्लीत लग्नात बँड वाजवणारे एक मास्तर राहतात. मी आणि माझा मित्र चहाच्या गाड्यावर अमेरिकेतला सगळ्यात भारी रॉक बँड कुठला यावरून भांडायला लागलो, की ते मोबाईल मागून घेतात, व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात आणि एकच विचारतात, "चालत वाजवत्यात का?"

नाही म्हटलं की मोबाईल परत. "एका जागी हुबं राहून कुणीबी वाजवतंय की."

परवा माझ्या भावाच्या वरातीत, सोलापूरच्या उन्हात, त्यांनी आमच्याच भांडणातली एक धून क्लॅरिनेटवर घेतली. कधी न नाचणारी मामीसुद्धा नाचली. घामाघूम मास्तर माझ्याजवळून पुढं सरकताना म्हणाले, "गाणं लई चांगलं हाय. पोरांनी फकस्त चालाय शिकावं."