इराणी राजावर भंडारा

इराक युद्ध सुरू झालं त्या वसंतात अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या इराणी शेजाऱ्याने गॅरेजमध्ये प्लास्टरचा राजा घडवला. शेजारी इंजिनिअर होता. त्याच्या खेड्याजवळच्या कड्यावर प्राचीन काळी कोरलेलं एक शिल्प आहे: घोड्यावर राजा, टापांखाली पडलेला शत्रू. खेड्याची ओळख तेवढीच. त्या शिल्पाची ही प्रतिकृती लायब्ररीतल्या प्रदर्शनात जायची होती. टीव्हीवर तेव्हा त्या भागाचे नकाशे फक्त बॉम्बसाठी दाखवत. "माझं गाव कुठे आहे, एवढं कुणीतरी विचारावं," तो म्हणायचा.

प्लास्टर वाळावं म्हणून रविवारी गॅरेज उघडं होतं. पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई फिरायला गेली, लगेच परतली आणि हळद व सुकं खोबरं घेऊन पुन्हा गेली. आम्ही पोचलो तेव्हा राजा पिवळा झाला होता.

"आई, तो इराणचा बादशहा आहे."

"घोडा आहे, मिशा आहेत, पायाखाली दैत्य आहे, त्यात आज रविवार. खंडोबाने आता पासपोर्ट दाखवायचा का?"

शेजाऱ्याने कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवली. ती हळदीला लागताच पडलेला शत्रू लालभडक झाला. शेजाऱ्याने धुणं थांबवलं.

नवा राजा करायला वेळ नव्हता, हाच गेला. लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं, रंग मूळचा का?

"नाही. शेजारच्या आईंनी पूजा केली."

बाईंनी पाटीवर तसंच लिहिलं.

आईने फोन केले होते. पुढच्या रविवारी थेट आयसेलिनपासून मराठी मंडळी आली. प्रदर्शनाच्या दाराशी बुटांची रास लागली. ती पाहून अमेरिकन पाहुण्यांनीही बूट काढले. एका काकांनी "येळकोट येळकोट" म्हटलं. लायब्ररी असल्यामुळे बाकीच्यांनी "जय मल्हार" कुजबुजत म्हटलं.

शेजारी भिंतीला टेकून हे पाहत होता. खोबरं वाटत आलेल्या एका काकू त्याच्यापुढे थांबल्या.

"भाऊ, हे ठाणं कुठल्या गावचं? जेजुरीपासून लांब आहे का?"

मी इंग्रजीत सांगितलं. तो ताठ उभा राहिला. त्याने काकूंच्या हातातली कागदी बशी मागून घेतली, खोबरं खिशात टाकलं, पेन काढलं आणि बशीवर आधी समुद्र काढला.