सोळा क्लिपांचा तीनताल

माझा नवरा तबला वाजवतो. वाजवायचा, असं म्हणायला पाहिजे, पण जीभ अजून वळत नाही. मिरजेत त्याला लोक घरी येऊन घेऊन जायचे. इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, तो गाड्यांच्या दारांचे पार्ट बनवणाऱ्या प्लांटमध्ये लाईनवर उभा राहतो. मी कॉलेज करायला आले, माझ्या मागून तो आला, आणि पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत जो जॉब मिळेल तो करायचा असं आम्ही ठरवलं. ठरवताना सगळं सोपंच वाटतं.

काम काय, तर समोर प्लास्टिकची लांब पट्टी येते. तिच्या भोकांत अंगठ्याने आणि पहिल्या दोन बोटांनी क्लिपा दाबून बसवायच्या. पट्टी पुढे सरकली की दुसरी हजर. कानात प्लग, बोलणं बंद, वॉशरूमला जायचं तर हात वर करून आपल्या जागी कोणी येईपर्यंत थांबायचं. पहिले काही दिवस घरी येऊन हा नुसता भिंतीकडे बघत बसायचा. जेवलास का विचारलं तरी हूं. मी भयंकर घाबरले होते.

मग एक दिवस हसत आला. "अगं, एका पट्टीत सोळा क्लिपा आहेत!" यात हसण्यासारखं काय, मला कळेचना. तर ह्या पठ्ठ्याने लाईनवर तीनताल लावला होता! धा धिं धिं धा म्हणत एकेक क्लिप बसवायची, आवर्तन संपलं की समेवर नवी पट्टी. "मशीनची लय इतकी पक्की आहे की विचारू नकोस," म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला, दोनदा भात मागितला. मी म्हटलं, सुटलो बाई.

कसलं सुटतोय! प्लांटचा नियम असा की दर थोड्या वेळाने जागा बदलायची, म्हणजे त्याच त्या बोटांवर ताण येत नाही. रोटेशन म्हणतात त्याला. बाकीची माणसं त्याची चातकासारखी वाट बघतात. आमचे बुवा मात्र लय लागली की हलायला तयार नाहीत. आपलं रोटेशन दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि तिथेच उभे. सुपरवायझर खूश. त्याने पाठ थोपटली आणि लाईनचा स्पीड वाढवला. हा घरी येऊन मला सांगतो, "आज लय चढली गं." अरे, चढायला ती काय मैफल आहे? मी ओरडले तर म्हणाला, "तुला नाही कळायचं." ओठांतल्या ओठांत बोल म्हणत उभा राहिला की वेळ जातो, आणि गणपतीसाठी रियाजही होतो, असं त्याचं गणित.

गणपती म्हणजे इथल्या मंडळाचा. शाळेची जिम भाड्याने घेऊन, शनिवारी. पंचांगात चतुर्थी बुधवारी असली म्हणून काय झालं, बुधवारी सगळ्यांच्या शिफ्ट असतात. इथे बाप्पासुद्धा वीकेंड बघून येतात. वर्षात तो एकच दिवस, जेव्हा लोक ह्याला तबलजी म्हणून ओळखतात. बाकी वर्षभर तो त्या दिवसावर जगायचा, अक्षरशः जगायचा.

आम्ही बेसमेंटमध्ये राहतो. वर आमची घरमालकीण, ऐंशीच्या पुढची, एकटी. तबल्याची कंप्लेंट करेल म्हणून आम्ही धास्तावलो होतो, तर ही बाई जिन्याच्या पायरीवर येऊन ऐकत बसायची. तिचे आजोबा याच गावातल्या कारखान्यात ऑर्गन बनवायचे. तेव्हा जेवणं झाली की कोणीतरी ऑर्गनवर बसायचं, बाकीचे गायचे, बेसूर का होईना पण गायचे. मग घरात रेडिओ आला, तो त्या ऑर्गनवरच ठेवला, आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून बसायला लागले. "रेडिओवरचे लोक आमच्यापेक्षा चांगलं गायचे ना," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. त्या कारखान्याचे आता कॉन्डो फ्लॅट झालेत.

हिवाळ्यात ह्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दारातला बर्फ शोव्हल करून झालं असेल, थंडीने झालं असेल, अशी आम्ही समजूत घालत राहिलो. मग एका रविवारी रियाजाला बसला आणि 'ना' हा बोलच निघेना. पहिलं बोट किनारीवर पडायचं, आवाज मात्र पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. त्याने हात माझ्यापुढे धरला. "चिमटा काढ."

काढला.

"काढ की!"

"काढलाय रे."

क्लिनिकमधली डॉक्टर म्हणाली, मनगटात नस दबलीय, हे काम आधी थांबवा आणि प्लांटला कळवा. हा कळवेना. पीआरची फाईल लटकलेली, जॉब गेला तर काय करायचं? मी आकांडतांडव केलं. "हात गेल्यावर पीआर काय चाटायचीय?" तर म्हणाला, "गणपतीपर्यंत होईल ठीक." मनगटाला पट्टा बांधून शिफ्टला जात राहिला.

गणपतीला झब्बा घालून बसला. हार्मोनियमवर पुण्याची एक बाई होती, तिने भजन उचललं. लय ह्याने चोख धरली, त्यात काही खोट नव्हती. पण बोटं कुठे पडतायत ते त्याला कळत नव्हतं. एकदा मधल्या काळ्या शाईवर, एकदा चक्क लाकडावर. तो बोटांकडे बघून वाजवायला लागला. त्याला असं बघून वाजवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. अंतऱ्याच्या मध्येच तो थांबला. हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

कमिटीतला एकजण पुढे आला. भला माणूस. "टेन्शन नको दादा," म्हणाला आणि फोन स्पीकरला जोडला. तबला, पखवाज, टाळ, सगळं तयार. लोकांनी टाळ्या धरल्या आणि आधीपेक्षा जोरात गायला लागले. त्यांचा काय दोष? पण त्या स्पीकरला लाथ घालावी इतका संताप झाला माझा. नंतर प्रसाद घेताना दोघातिघांनी येऊन ह्याला सांगितलं, भजन मस्त झालं यंदा.

परत येताना गाडीत मी म्हटलं, बास. सोमवारी जाऊन सांग आणि सोड ते काम. मी माझ्या कामावर डबल शिफ्ट करीन, आपण निभावू.

"कशाला? तिथे हात चालतो," तो म्हणाला.

"अरे, बधीर झालाय तो!"

"म्हणून तर दुखत नाही. आणि क्लिप नीट बसली की मशीनवर हिरवा दिवा लागतो. बोटांना कळायची गरजच नाही."

मला रडू फुटलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिग्नल सुटला तशी गाडी पुढे घेतली आणि म्हणाला, "तबला विकून टाकूया का गं, कोणी घेत असेल तर?"