काशी, बाज आणि माझी घाई

चिखलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा बसमध्ये बसून बसून माझे गुडघे आखडले होते आणि डोकं त्याहून जास्त. मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याजवळच्या एका तबेल्यात मी मुलांना घोडेस्वारी शिकवते, तिथेही शिकवण्यापेक्षा येरझाराच जास्त घालते. या वेळी मात्र निघायला कारण होतं. माझा वर्गमित्र अविनाश बुलढाणा जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे. त्याचा फोन आला होता, "एका धनगर बाईची घोडी आहे. ओझं घ्यायचं सोडलंय तिनं. तू ते टिकटिक शिकलीयस ना? ये आणि दाखव."

ते टिकटिक म्हणजे क्लिकर. अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, दाबली की टिक् वाजते. घोड्यानं हवी ती गोष्ट केली की त्याच क्षणी वाजवायची आणि लगेच खाऊ द्यायचा. चाबूक नाही, ओढाताण नाही. आवाज ऐकला की घोड्याला कळतं, हे बरोबर केलं. दोन वर्षं मी याच पद्धतीनं शिकवते आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. स्वतःवर तेवढा नाही.

अविनाशच्या मोटरसायकलवरून साखरखेर्ड्याच्या पुढे गेलो. हरभरा निघालेली रानं, मधूनच गव्हाचा पिवळा पट्टा, आणि एका रिकाम्या शेतात वाडा (मेंढपाळांचा मुक्काम) पडलेला. शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढ्या बसवून घेतात. दोन-चार दिवसांनी वाडा उठतो आणि पुढच्या शेतात जातो. सगळा संसार घोडीच्या पाठीवर जातो. गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर उलटी टाकलेली दोरीची बाज.

ही बाजच नडली होती. महिन्यापूर्वी एका ट्रकनं अगदी मागे येऊन हॉर्न वाजवला, घोडी उधळली, बाज घसरून पोटाखाली आली आणि ती तशीच लाथा झाडत डांबरी रस्त्यावरून पळत सुटली. तेव्हापासून पाठीला गोधडीही लावू देत नव्हती.

घोडीची मालकीण धुरपताबाई. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, हातात कोपरापर्यंत चांदीची कडी. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"तुमी घोडीले शिकोनार?"

"हो. प्रयत्न करते."

"मारून?"

"नाही हो. हरभरे देऊन."

ती हसली. कमरेची तंबाखू-चुन्याची डबी काढून तिनं झाकण उघडलं. टक् असा खणखणीत आवाज झाला. दहा हातांवर बांधलेल्या तांबूस घोडीनं, काशीनं, चटकन कान इकडे वळवले.

आणि मी, इतकी शिकलेली बाई, म्हणाले, "ही डबी दोन दिवस नका वाजवू. तिचा गोंधळ होईल. तिनं फक्त माझाच आवाज ऐकायला हवा."

धुरपताबाईनं डबी बंद केली आणि लुगड्याच्या ओच्यात खोचली. तंबाखूवाचून दोन दिवस काढणं काय असतं ते मला पुढे कळलं. ती भांडी आपटायची.

तिचा नवरा महादू मात्र स्पष्ट बोलला. "म्याडम, परवा वाडा उठते. तोवर घोडीनं बोझा घेतला तर घेतला. नाही तं पुढच्या मुक्कामावर गिऱ्हाईक येऊन राह्यलं. बोझा न घेनारी घोडी आमी काऊन पोसाची?"

"इकाची नाही मले," धुरपताबाई चुलीपाशी पुटपुटली. "माह्या हातावर वाढली थे."

"मंग तूच घे बोझा," महादू म्हणाला. ही चेष्टा होती. अंधार पडायच्या आत अविनाश मला वाड्यावरच सोडून परतला.

दुसरा दिवस छान गेला. सकाळी काशीनं गोणपाटाला नाक लावलं, टिक्, हरभरे. मग गोणपाट खांद्याला लागलं तरी उभी राहिली, टिक्. दुपारी गोधडी पाठीवर ठेवून दिली. मी आनंदानं येरझारा घालत होते. जेवायला बोलावलं तर उभ्याउभ्याच भाकरी-ठेचा खाल्ला. संध्याकाळी हुळा (शेंगांसकट भाजलेला ओला हरभरा) सोलताना धुरपताबाई म्हणाली, "बाई, घोडी उभी राह्यते. तुमीच राह्यत नाही."

मी हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडा उठायला लागला. मेंढ्यांचा कालवा, कुत्र्यांचं भुंकणं, महादूच्या हाका. संध्याकाळची माझी चिखलीहून गाडी होती. गोधड्या चढल्या, टिक्. भांड्यांचं गाठोडं चढलं, टिक्. काशी उभी होती. आता उरली बाज.

तिला बाज आधी लांबून दाखवायला हवी होती. मग जवळून, मग नुसती टेकवून. असं एक-एक पाऊल जायचं असतं, हे मी मुलांना रोज सांगते. पण घड्याळ बघितलं, महादूचं तोंड बघितलं, आणि म्हणाले, "चढवा."

बाजेचा पाय काशीच्या पाठीला लागला मात्र, ती जागच्या जागी उसळली. गाठोडं सुटलं, भांडी ढेकळांत विखुरली, दोर माझ्या हातातून सरसरत गेला आणि क्लिकर कुठे उडाला कुणास ठाऊक. काशी शेताच्या पार टोकाला, बाभळीखाली जाऊन थरथरत उभी राहिली.

महादूनं हात जोडले. "झालं म्याडम. लै मेहनत केली तुमी." मग बायकोला म्हणाला, "मी मेंढ्या घेऊन पुढं जातो. तू घोडीले घेऊन ये. आज इकून टाकू."

तो गेला. मी चार वेळा काशीकडे निघाले, चारही वेळा ती लांब पळाली. लाज वाटत होती. एका बाईचं जनावर माझ्या उतावीळपणामुळे जाणार होतं, आणि मी तिथेही धावतच होते.

धुरपताबाई ढेकळावर बसली. "बसा," म्हणाली. मी बसले नाही. तिनं ओच्यातली डबी काढली. टक्.

बाभळीखालच्या काशीनं मान वर केली.

धुरपताबाईनं तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली. तोवर काशी चालत येऊन तिच्यामागे उभी राहिली होती. मान खाली, डोळे अर्धवट मिटलेले.

मी आ वासून बघत राहिले. "ही कशी आली?"

"मुक्कामावर पोचलं का मी पयले चिमूट टाकतो," ती तिच्या बोलीत म्हणाली, "मंग तिचा बोझा सोडतो, मंग भाकर देतो. दहा साल झाले. डबी वाजली का तिले समजते, आता सुटका."

म्हणजे काशीला तिचा क्लिकर दहा वर्षांपूर्वीच मिळाला होता. आणि तो बंद करायला लावणारी मी होते.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पुसलं काऊन नाही?"

मग मी खाली बसले. गाडी चुकणार हे तेव्हाच कळलं होतं. धुरपताबाईनं गोधडी चढवली, टक्, उतरवली, भाकरीचा तुकडा. पुन्हा चढवली. भांड्यांचं गाठोडं, टक्, खाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काशी गाठोड्यासकट निवांत उभी होती. माझी जीभ पुन्हा वळवळली. "आता बाज?"

"आज बाज नाही."

"मग बाज कशी न्यायची?"

तिनं बाजेचा एक कोपरा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

साखरखेर्ड्याच्या त्या रस्त्यानं ज्यांनी कुणी आम्हाला त्या दुपारी पाहिलं असेल त्यांनी घरी जाऊन नक्की सांगितलं असेल. पुढे धुरपताबाई, मागे पँट-टीशर्टातली मी, दोघींच्या डोक्यावर उलटी बाज, आणि मागून ओझ्यासकट, दोर मोकळा सोडलेली घोडी. एका मोटरसायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काय हो, घोडी बिमार आहे काय?" धुरपताबाई म्हणाली, "नाही, मजेत आहे."

पहिल्या मैलाला माझ्या मानेचा दम संपला. भराभर चालू म्हटलं तर बाज हेलपटायची. तिच्याच पावलानं चालावं लागलं. काशी आधी लांबून येत होती. मग हळूहळू जवळ आली. घोड्याला घाबरवणारी वस्तू त्याच्यापुढून दूर नेत राहावी, तिच्यामागे चालता चालता त्याची भीती जाते, हे मी वर्गात शिकले होते. आठवलं मात्र नव्हतं. शेवटी शेवटी तर तिचा श्वास माझ्या दंडाला लागत होता.

नव्या मुक्कामावर महादूशेजारी फेटेवाला एक माणूस बसला होता. गिऱ्हाईक. धुरपताबाईनं बाज खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि डबी काढली. टक्. काशी पुढे आली आणि तिनं हनुवटी बाजेच्या लाकडी चौकटीवर टेकवली.

महादू बघत राहिला. बायकोकडे, घोडीकडे, माझ्या लाल झालेल्या कपाळाकडे. मग त्या माणसाला म्हणाला, "चाय घ्या पावने. पन घोडी इकाची नाही."

धुरपताबाईनं उठून ओझं सोडलं. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "बाई, भाकर खाऊन जाजा. बसून."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परतले. मान आठवडाभर वळत नव्हती. वाटेत पुढच्या बाकावरच्या आजोबांनी चुन्याची डबी उघडली, आणि मी घड्याळाकडे नेलेला हात तसाच मांडीवर ठेवला. तबेल्यात मात्र मी अजून येरझारा घालते. स्वभाव एका प्रवासात बदलतो असं मी कुणाला सांगणार नाही.

महिन्याभरानं अविनाशचा फोन आला. वाडा चिखलीकडच्या उंद्रीजवळ होता.

"काशीवर बाज चढली," तो म्हणाला. "कोंबड्यांसकट. धुरपताबाईंनी तुला निरोप दिलाय. जसाच्या तसा सांगतो."

"सांग लवकर!"

"बाईले सांगजा, म्हणाल्या, बाज चढली, पन आमी घाई नाही केली."

मी फोन कानाला तसाच धरून तबेल्याच्या पायरीवर बसले. मुलं घोडे घेऊन माझी वाट बघत होती, आणि मी त्यांना हातानंच खुणावलं, थांबा जरा.