दोन बुडालेल्या तालमी

आमच्या नाट्यसंस्थेत नव्या माणसाला लगेच रंगमंचावर सोडत नसत. आधी वर्षभर विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि कोणी वाक्य विसरलं की हळूच पुरवायचं. वर्ष नीट काढलंस की भूमिका देईन, असा शब्द दिग्दर्शक सरांनी मला दिला होता. मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्याला आलो, असं घरचे समजत. हिंजवडीतली नोकरी पोटापुरती होती. मी आलो होतो तो अशा एखाद्या भूमिकेसाठी.

विसरणं आणि थांबणं यांतला फरक ओळखणं, एवढीच प्रॉम्प्टरची विद्या. नट मुद्दाम थांबेल तिथे मी संहितेत पेन्सिलीने उभी रेघ मारायचो. सुरुवातीला एकदा अशाच एका पॉजमध्ये मी घाईने वाक्य पुरवलं. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, आपला आवाज ऐकायला लोक तिकीट काढत नाहीत." ते मला फार लागलं.

मुख्य भूमिका संस्थेतल्या एका ज्येष्ठ नटाची; त्यांना सगळे काका म्हणत. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि आता नाटक हेच त्यांचं ऑफिस होतं. येताना मंडईतून पेरू आणायचे. मी बसमधून थेट तालमीला येतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अर्धा माझ्या हातावर ठेवायचे.

प्रयोगाच्या आठवड्यात ऑफिसात काम तुंबलं, त्यात कंपनीची बस रोज ट्रॅफिकमध्ये अडकलेली. माझ्या शेवटच्या दोन्ही तालमी बुडाल्या.

प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मुलाच्या पत्राबद्दल बोलता बोलता काका थांबले. संहितेत तिथे रेघ नव्हती. पण मी दोन दिवस नव्हतो. सरांनी नवा पॉज बसवला असेल तर? वाक्य माझ्या ओठांवर होतं. काकांनी मान किंचित विंगेकडे वळवली. तीही मला बसवलेलीच वाटली. खरं सांगायचं तर मला सरांची भीती वाटत होती, आणि भूमिका हातची जाईल याची त्याहून जास्त. मी गप्प बसलो. शेवटी काकांनी पुढचंच कुठलंतरी वाक्य उचललं. लोकांनी त्या शांततेला टाळ्या वाजवल्या.

मेकअप पुसताना काकांनी एवढंच विचारलं, "तू होतास ना रे तिथे?"

"मला पॉज वाटला, काका."

"हं," म्हणाले, आणि आरशाकडे वळले. सरांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. आठवड्याने काकांचा निरोप आला, आता डोक्याचा भरवसा वाटत नाही, मी थांबतो.

अख्खं नाटक तोंडपाठ असलेला दुसरा माणूस संस्थेत नव्हता. काकांची भूमिका मला मिळाली. दुसऱ्या अंकातला तो पॉज लोकांना आवडला म्हणून सरांनी तसाच ठेवायला सांगितला. मग प्रत्येक प्रयोगात मी त्या वाक्यापाशी थांबायचो, मान किंचित विंगेकडे वळवायचो आणि टाळ्या घ्यायचो.