बायडाबाईला चिडवा

बायडाबाईची शिवी खाल्ल्याशिवाय दूध पोटात उतरत नाही, असं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर काढलेली धार पेल्यात घेऊन पिणारी गिऱ्हाइकं म्हणायची. पेला पुढं करायला उशीर झाला की, "हात सासुरवाडीला ठेवून आलास व्हय रं भाड्या?" आणि घाईनं केला तर, "थांब की मुडद्या, म्हशीला नळ न्हाय बसवलेला!" लोक खूश. पण तीच बाई भुरी म्हशीच्या कासेशी बसली की आवाज निराळाच. "सोड गं माझे बाय, सोड." एवढ्यावर भुरी पान्हा सोडायची. रेडकू मेल्यापासून ती म्हैस दुसऱ्या कशालाच दाद देत नव्हती, आणि बायडाबाईचं घर त्या एका म्हशीवर चाललेलं.

सम्राट शाहूपुरीत बातम्यांची वेबसाइट चालवतो. याच कट्ट्यावर ओठावर दुधाची मिशी मिरवत वाढलेलं पोरगं. एक दिवस त्यानं येऊन मोबाईल पुढं धरला.

"मावशी, चार शिव्या द्या की. गेम करतोय वेबसाइटवर."

"तुझ्या बापानं तरी कमी खाल्ल्यात व्हय रं?" म्हणत तिनं ठेवणीतल्या हासडल्या. धार काढतानाचा आवाजही त्यानं उचलला. तिला वाटलं, नाव होईल, गिऱ्हाईक वाढेल.

गेमचं नाव 'बायडाबाईला चिडवा'. पडद्यावर लुगड्यातली जाडी बाई. बोट मारलं की शिवी, मारतच राहिलं की दुधाची चरवी फेकून मारते. हळू, थांबून थांबून टेकवलं तर "सोड गं माझे बाय". खड्ड्यांची बातमी, दवाखान्यात औषध नसल्याची बातमी, लोक उघडून पळायचे. बाईला चिडवायला मात्र तळ ठोकून बसले.

मग ते कट्ट्यावर आले. दूध प्यायला नव्हे. कुणी पदर ओढला, कुणी पाठीत बोट खुपसलं. "कितव्या टोच्याला चरवी फेकती बघूया!" ती चिडली की टाळ्या. एकदा रडली, तर एकजण म्हणाला, "हे गेममदी न्हाय की!" बायडाबाईचा घसा बसला, हात ताठरले. एका संध्याकाळी ती "सोड गं" म्हणाली आणि भुरीनं लाथ घातली. चरवी कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडीच. गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीकडं सरकलं.

तिनं शाहूपुरीत सम्राटचं ऑफिस गाठलं. "काढ माझा आवाज त्यातनं. म्हैस आटाय लागलीया."

"मावशी, यायचं आन् पळायचं ते माणूस आता बसून ऱ्हातंय. जाहिरातवाले दारात हायत. काढू कसा?"

तिनं त्याच्या सात पिढ्या उकरल्या. ऑफिसातली पोरं हसून लोळली. एकानं मोबाईल वर केला. "सर, नवीन माल!" बायडाबाई तोंड मिटून जिना उतरली.

गंगावेशीतल्या घरी आली तर सून स्वप्नाली गोठ्यात उभी राहून तोच गेम खेळत होती. सासूला बघून मोबाईल लपवायला गेली आणि थबकली. "आत्ती, भुरीकडं बघा की!" मोबाईलमधली बायडाबाई म्हणत होती, "सोड गं माझे बाय", आणि भुरीच्या सडांतून दूध ठिबकत होतं. त्या आवाजात ना राग होता, ना बसलेला घसा.

आता बायडाबाई कट्ट्यावर जात नाही. गोठ्यात पेंडीच्या डब्यावर मोबाईल टेकवून बसते. आधी दागिन्यांची जाहिरात, मग तिचाच आवाज, मग धार. एका हातानं पडद्यावर बोट टेकवायचं, दुसऱ्यानं सड पिळायचा. बोट घाईनं पडलं तर शिवी सुटते, भुरी लाथ झाडते, आणि पुन्हा जाहिरातीपासून सुरुवात. स्वतः ती चकार शब्द काढत नाही.

शाहूपुरीत सम्राट जाहिरातवाल्या पावण्यांना कुठलं गिऱ्हाईक किती वेळ खेळतंय त्याचे आकडे पडद्यावर दाखवतो. "हे बघा. गंगावेशीतलं एक गिऱ्हाईक. सकाळ-संध्याकाळ ठरलेलं. जाहिरातसुद्धा पुरी बघतंय. सगळ्यात जास्त वेळ हेच बसतंय."

"कोण हाय?"

"काय की. असंल कोणतरी रिकामटेकडं."