गोळी सोवळ्यात चालते

काशीला आलेलं माणूस काहीतरी सोडून जातं, अशी रीत आहे. आमच्याकडे उतरणारी मंडळी बहुधा नावडती भाजी सोडत. गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठ्या गांभीर्यानं पडवळाचा त्याग करत. श्रीखंड सोडलेला महात्मा मी अजून पाहिलेला नाही. आणखी एक वस्तू मात्र ती मंडळी आमच्या घरी न चुकता सोडून जात. ती म्हणजे प्रवासातून उरलेल्या दुखण्याच्या गोळ्या.

बाबा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना घरी उतरवून घ्यायचं आणि घाटावर नेऊन त्यांची श्राद्धकर्मं करवायची, हा आमचा पिढीजात व्यवसाय. घर अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. मंत्र बाबांचे आणि स्वयंपाक आईचा. आईचे गुडघे सुजलेले असायचे, जिना चढताना ती भिंतीला हात लावून चढायची. निघताना बायका ते पाहून कळवळायच्या आणि पिशवीतून अर्धवट कापलेली पट्टी काढून तिच्या हातावर ठेवायच्या. "असू द्या काकू, मला फार गुण आला हिचा." कोणाची पांढरी, कोणाची गुलाबी, कोणाची नुसतीच कागदात गुंडाळलेली. आई सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. फुकट ते पौष्टिक, असं आम्ही तिला चिडवायचो.

खरी कसोटी पितृपक्षात. तेव्हा घर माणसांनी फुललेलं, आणि रोज कोणा ना कोणाचं श्राद्ध. आई पहाटे न्हाऊन सोवळं नेसायची आणि चुलीपुढे बसायची. खीर, वडे, भाज्या, आमटी. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तिनं तोंडात काही घालायचं नाही. चहासुद्धा नाही. पण उठबस तर करायला हवी, म्हणून तिनं एकदा बाबांना विचारलं होतं, "अहो, गोळी चालते का हो?" बाबा शास्त्री माणूस. क्षणभर विचार करून म्हणाले, "औषध म्हणजे काही अन्न नव्हे. गोळी सोवळ्यात चालते." तेव्हापासून आई पहाटे रिकाम्या पोटी घोटभर गंगाजळाबरोबर एक पांढरी आणि एक गुलाबी गिळायची. एकीनं पाय हलतात, दुसरीनं कंबर, असा तिचा हिशेब. दुपार झाली की पुन्हा एक.

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. त्या वर्षी पितृपक्ष लागता लागता सांगलीकडच्या एक डॉक्टरीणबाई सासूबाईंना घेऊन सासऱ्यांच्या श्राद्धासाठी आमच्याकडे उतरल्या. वाढताना आईनं दोनदा पोटावर हात दाबला, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी आईला आत नेऊन तपासलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, गोळ्यांचा डबा मागवला आणि बराच वेळ पट्ट्या उलटसुलट करून वाचल्या. आई म्हणाली, "काही वाईट आहे का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही नका काळजी करू. मी बोलते." मग त्या बाहेर जाऊन ओसरीवर बाबांशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंसह गयेला गेल्या.

संध्याकाळी आईनं बाबांना विचारलं, "काय म्हणाल्या हो?"

"काही नाही गं. पित्त वाढलंय. वय झालं की व्हायचंच."

आई हसली. मलाही हायसं वाटलं. बाबांचा शब्द आमच्या घरी पंचांगासारखा होता, तो पडताळून पाहायची कोणाची टाप नव्हती. दुसऱ्या पहाटे आईनं पांढरी घेतली, गुलाबी घेतली आणि चूल पेटवली. बाबा तिथेच संध्या करत बसले होते.

मग नाशिकची मोठी मंडळी आली. आई दिवसेंदिवस पिवळट दिसायला लागली. मी म्हटलं, "आई, तू दमलीयस." ती म्हणाली, "पक्ष संपला की झोपते की चांगली." एका दुपारी वडे तळताना तिला उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी काळी. झारा हातातून पडला आणि ती तिथेच भिंतीला कलली.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "दर्द की गोली कब से चल रही है?" मग आईकडे वाकून म्हणाले, "अम्मा, पाखाना काला हो रहा था?" आईनं लाजून मान हलवली. चार-पाच दिवसांपासून होत होता म्हणे. आमच्या घरी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. पोटात जखम होऊन आत रक्त वाहत होतं. रक्त चढवायला घेतलं, आणि रात्र निघाली तर बरं, असं आम्हाला तोंडावर सांगितलं.

आई वाचली. ते आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

गयेहून परतलेल्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी इस्पितळात आल्या. आई खाटेवर डोळे मिटून पडली होती. मी पायाशी, बाबा खिडकीशी. बाईंनी बाबांना सरळ विचारलं, "गोळ्या बंद केल्या नाहीत का? मी सांगितलं होतं ना, दोन्ही पट्ट्यांत औषध एकच आहे, नावं तेवढी वेगळी. म्हणजे त्या रोज दुप्पट घेत होत्या, आणि तीही उपाशीपोटी. पोटात जखम असणार, आजच थांबवा, त्यांना उठू देऊ नका, म्हटलं होतं की नाही?"

बाबा म्हणाले, "म्हणाला होतात. पण मंडळी येऊन ठेपली होती. पक्ष संपला की बंद करणारच होतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, या माणसाला मी ओळखतच नाही. रोज पहाटे आई ती गोळी घशाखाली ढकलत होती आणि हा समोर बसून पळीनं पाणी सोडत होता! मेलेल्यांना पाणी मिळावं म्हणून जिवंत बाईला मारायला निघाला होता. इतकी फसवणूक परक्यानं केली असती तर मी चारचौघांत त्याचं नाव घेऊन बोटं मोडली असती. बापाचं काय करायचं?

राग मला त्या बाईंचाही आला, आणि तो अजून गेलेला नाही. रोग आईच्या पोटात आणि निरोप बाबांच्या कानात! शिकलेली बाई, स्वतः बाई, आणि दुखणेकरणीला म्हणते, तुम्ही काळजी करू नका. दोन वाक्यं तर होती. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असं नाही. ही गोळी काही खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही, आणि दुखणं चार दिवसांत हटलं नाही तर गोळी वाढवण्याऐवजी डॉक्टर गाठायचा. आईला ती सहज कळली असती. आयुष्यभर तिनं वीस माणसांच्या आमटीत मीठ चुकवलं नव्हतं.

आई घरी आली. आम्हाला वाटत होतं, इस्पितळात ते बोलणं झालं तेव्हा तिला झोप लागली होती. एकदा बाबा तिच्यासाठी मऊ भात घेऊन आले, तेव्हा तिनं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मला विचारलं असतंत, तर मी त्या मंडळींचा स्वयंपाक केलाच असता. बसत, कण्हत, पण केला असता. नाहीतर नाही म्हणाले असते. पण विचारलं का नाहीत?"

बाबांनी ताट उचलून पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

आईनं अबोला धरला नाही. त्यांचं ताट वाढायची, धोतर वाळत घालायची, सगळं पूर्वीसारखं. फक्त एक नवीन सुरू झालं. बाबा काहीही म्हणाले, गाडी उशिरा आहे, बाजारात भेंडी नाही, उद्या चतुर्थी आहे, की आई त्यांच्यासमोरच माझ्याकडे वळायची आणि विचारायची, "खरं का गं?"