माझ्याच नावाचा घटस्फोट

आता हे सांगायची माझी मलाच लाज वाटते, पण तुम्ही चहा ओतलाच आहे तर ऐका. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते आणि मी नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज लिहिला. पाच पानी. मुद्देसूद. आणि आमचं तोवर साधं भांडणसुद्धा झालेलं नव्हतं.

मी वकील आहे. म्हणजे सनद आहे, काळा कोट आहे. बोलायचं तेवढं जमत नाही. माहेर म्हसवड, सासर तासगाव, आणि कामाला रोज एसटीनं सांगलीला, एका मॅडमच्या ऑफिसात. मॅडम कडक. एआयकडून मसुदा करून घ्यायला त्यांची ना नाही, पण दोन अटी. पक्षकाराचं नाव-गाव यंत्राला कळता कामा नये, आणि यंत्रानं लिहिलेली ओळन् ओळ आपण तपासायची. यंत्राची सनद जात नाही, आपली जाते, हे त्या दर सोमवारी सांगतात.

मी नियम पाळणारी मुलगी. घोळ तिथंच झाला.

एक बाई घटस्फोटासाठी आल्या होत्या. तासगावच्याच. त्यांच्या घरी अजून कुणाला पत्ता नव्हता. बाकी काही विचारू नका, सांगणार नाही. रविवारी घरातल्याच कॉम्प्युटरवर मी त्यांचा मसुदा करायला घेतला. नावं काढून अ, ब, क घातलं, तर यंत्राचा असा गोंधळ उडाला की चौथ्या परिच्छेदात सासूनंच नांदायला नकार दिला. मग म्हटलं, खोटी नावं घालू. पण सुचायला हवीत ना? नव्या नवरीच्या डोक्यात एकच यादी पाठ असते. अर्जदार रेवती, म्हणजे मी. सामनेवाला संग्राम, म्हणजे आमचे हे. सासू सुमन, म्हणजे आत्या; आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मसुदा झाला की नावं बदलून टाकायची, त्यात काय एवढं?

यंत्र म्हणालं, आरोप मोघम आहेत, ठोस प्रसंग द्या. दिले.

मग छापायला टाकलं, तर प्रिंटर बंद. उद्या बघू म्हणून मी उठले. तो प्रिंटर संग्रामचा, त्याच्या बेदाण्याच्या धंद्याचा. सोमवारी सकाळी मी एसटीत, आणि इकडं त्यानं पेट्यांवरची लेबलं छापायला प्रिंटर चालू केला. लेबलांच्या आधी माझा घटस्फोट बाहेर आला.

संध्याकाळी घरी आले, तर संग्राम भांडी घासत होता. मामा, म्हणजे सासरे, पेपर उलटा धरून बसलेले. आत्यांनी गरम भाकरी वाढली आणि न विचारता वर आणखी दोन टाकल्या. मला वाटलं, आज माझा वाढदिवस तर नाही?

मंगळवारी सकाळी म्हसवडहून आई, बाबा आणि काका येऊन सोप्यात बसले, तेव्हा उलगडा झाला. काकांच्या हातात ती पाच पानं.

"आमची पोरगी बोलत न्हाई," काका खिन्नपणे म्हणाले, "लिवती."

मी सांगितलं, हे माझं नाही, ऑफिसचं काम आहे, नावं खोटी आहेत.

"संग्राम खोटा? मी खोटी?" आत्या म्हणाल्या. "बरं, मग खरं कुणाचं हाय?"

"सांगता येत नाही."

"का?"

"कायद्यानं."

आत्यांनी माझ्या आईकडं नुसतं बघितलं. आईनं मान खाली घातली.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं होतं मी? एक नाव उच्चारलं की माझा संसार वाचत होता. पण तेच नाव दुपारच्या आत तासगावभर झालं असतं, आणि त्या बाईंच्या आधी बातमी त्यांच्या घरी पोचली असती. मी दात आवळून बसले. तेवढ्यात संग्रामनं आतून माझी बॅग आणून ठेवली. रागानं नाही. "तुला जायचं असंल तर मी अडवणार न्हाई," एवढंच म्हणाला.

मी मॅडमना फोन लावला. त्या तासाभरात आल्या, कोटासकट, आणि उभ्या उभ्याच निकाल दिला. काम ऑफिसचं आहे. पक्षकार कोण, ते कुणी विचारायचं नाही. नावं बदलायचा नियम माझा, ही नावं घालायची अक्कल हिची.

सोप्यातली हवा हलकी झाली. आई चहा टाकायला उठली. संग्रामनं बॅग पायानंच आत सरकवली.

"म्हंजे भाकऱ्या मोजणारी सासू ती दुसरीच हाय म्हणा की," आत्यांचा चेहरा खुलला.

कोणत्या भाकऱ्या, म्हणून मॅडमनी पानं हातात घेतली. तिसऱ्या पानावर थांबल्या, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचू लागल्या. सासू पीठ मळण्याआधी प्रत्येकाला भाकऱ्यांचा आकडा विचारते आणि नंतर जास्तीची मागितली की भुवई वर करते. नवरा जेवताना बेदाण्याच्या रंगाशिवाय दुसरा विषय काढत नाही. सासरे पेपर वाचून झाला तरी सोडत नाहीत.

"रेवती, हे कुठून आलं?"

मी पानं परत घ्यायला हात पुढं केला.

"पक्षकारानं सांगितलं असंल की," मामा पेपराची घडी घालत म्हणाले.

"पक्षकाराचं एक अक्षर मी बाहेर काढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण जे पक्षकाराचं नाहीच, ते झाकायला मी बांधील नाही."

चहाचा कप घेऊन आलेली आई दारातच थांबली. आत्या उठल्या आणि माझ्या समोर येऊन बसल्या.

"जास्तीची भाकरी तू मागितली हुतीस व्हय?"

"हो."

"कवा?"

"गेल्या अमावास्येला. पिठलं होतं."

"भुवई कुठली?"

"डावी."

माझ्या वकिलीतली ती पहिली उलटतपासणी. प्रश्न आत्यांचे होते. तीन प्रश्नांत फुटलेली साक्षीदार मी.